मानवी श्रोणीचे रेखाटन

मानवी श्रोणीचे रेखाटन हा मनुष्याकृती-चित्रणातील आणि कलावंतांना शिकवल्या जाणाऱ्या शरीररचनाशास्त्रातील एक मूलभूत अभ्यास आहे. पाठीचा कणा आणि पाय यांना जोडणारे, धडाच्या तळाशी असलेले हाडांचे वलय म्हणजे श्रोणी. डोके, छातीचा पिंजरा आणि श्रोणी हे शरीराचे तीन घट्ट, जवळजवळ आकार न बदलणारे भाग मानले जातात. त्यांच्यामधील मान आणि पोट मात्र वाकते, पिळवटते, ताणले किंवा आखडले जाते. त्यामुळे श्रोणीची जागा, रुंदी किंवा कल चुकला, तर वरचे धड आणि खालचे पाय सुटेसुटे बरोबर काढूनही आकृती तोल गेल्यासारखी दिसते.

श्रोणीचा फार थोडा अंश त्वचेखाली थेट जाणवतो. उरलेली हाडे पोटाच्या, नितंबांच्या आणि मांड्यांच्या स्नायूंखाली व चरबीखाली झाकलेली असतात. म्हणून चित्रकाराला ती पाहून काढता येत नाहीत, मोजक्या खुणांवरून ताडावी लागतात. मराठीत या अडचणीत शब्दाचीही भर पडते. ‘कंबर’ हा शब्द बरगड्यांखालच्या निमुळत्या मऊ भागालाही वापरला जातो आणि त्याखालच्या हाडांच्या रुंद भागालाही. चित्रकाराच्या दृष्टीने हे दोन भाग वेगळे आहेत: पहिला वाकतो, दुसरा अखंड राहतो. नवशिक्यांच्या चित्रांत श्रोणी रबरासारखी वाकलेली दिसते, त्यामागे बहुधा हीच गल्लत असते.

रचना

प्रौढ माणसाच्या श्रोणीत डाव्या-उजव्या दोन नितंबास्थी, मागे मधोमध त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड अशी हाडे असतात. त्रिकास्थी पाच मणके एकजीव होऊन बनते. माकडहाडात बहुधा चार छोटे मणके असतात. प्रत्येक नितंबास्थी बालपणी तीन वेगळ्या हाडांची असते. वरचे पसरट हाड म्हणजे श्रोणिफलक, बसताना ज्यावर भार येतो ते मागचे-खालचे हाड म्हणजे आसनास्थी आणि ओटीपोटाच्या तळाशी पुढे येणारे हाड म्हणजे जघनास्थी. ही तिन्ही हाडे खुब्याच्या उखळीत एकमेकांना भेटतात आणि पौगंडावस्थेत सांधली जाऊन एक होतात. दोन्ही बाजूंच्या जघनास्थी पुढे मध्यरेषेवर कूर्चेने जोडलेल्या असतात. या जोडाला जघनसंधी म्हणतात.

रेखाटनासाठी नितंबास्थीचा पीळ लक्षात घेणे आवश्यक असते. वरचे पाते आणि खालचे कडे एकाच पातळीत नसतात. उखळीपाशी हाड पिळल्यासारखे होते आणि विमानाच्या पंख्याची दोन पाती जशी वेगवेगळ्या दिशांना वळलेली असतात, तशी त्याची वरची व खालची बाजू वळते. सांगाड्यावरून चित्र काढताना हा पीळ सुटला, तर श्रोणी पुठ्ठ्यातून कापलेल्या फुलपाखरासारखी चपटी दिसते.

श्रोणिफलकाची वरची कड कमानदार असते. मूल कडेवर घेतले किंवा घागर कमरेवर ठेवली, की भार प्रामुख्याने या कडेवर टेकतो. कडेच्या पुढच्या टोकाला अग्रकंटक आणि मागच्या टोकाला पश्चकंटक म्हणता येईल. डावा-उजवा मिळून असे चार कंटक आणि पुढची जघनसंधी, या पाच बिंदूंवर श्रोणीचे जवळजवळ सारे रेखाटन उभे राहते.

मोजमापे आणि प्रमाण

श्रोणीची बाहेरून घेतलेली मापे चित्रकलेपेक्षा प्रसूतिशास्त्राने अधिक काटेकोरपणे नोंदवली आहेत. प्रसूती सुलभ होईल की नाही याचा अंदाज घेण्यासाठी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपात कंपासासारख्या उपकरणाने ही मापे घेतली जात. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ झां-लुई बोदलोक (१७४५–१८१०) यांचे नाव यांपैकी एका मापाला मिळाले आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत प्रौढ स्त्रीसाठी दिलेले आकडे साधारणपणे असे: दोन अग्रकंटकांमधील अंतर २५ ते २६ सेंमी, श्रोणिफलकांच्या कडांमधील सर्वाधिक अंतर २८ ते २९ सेंमी, दोन्ही खुब्यांच्या बाहेरच्या उंचवट्यांमधील अंतर ३१ ते ३२ सेंमी आणि पाठीच्या शेवटच्या मणक्याखालून जघनसंधीच्या वरच्या काठापर्यंतचे अंतर सुमारे २० सेंमी. वैद्यकात या बाह्य मापांचे महत्त्व आता उरलेले नाही, कारण त्यांवरून आतील मार्गाची रुंदी विश्वासाने ठरवता येत नाही. चित्रकाराला मात्र नेमका बाहेरचाच आकार हवा असल्याने ती उपयोगी पडतात.

ही मापे युरोपीय स्त्रियांची असल्याने सेंटिमीटर जसेच्या तसे घेण्याऐवजी त्यांतील गुणोत्तर घ्यावे. अग्रकंटक, कड आणि खुबा या क्रमाने प्रत्येक टप्प्यावर रुंदी सुमारे तीन सेंटिमीटरने वाढते. समोरून पाहता श्रोणीच्या सांगाड्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ढोबळपणे ४:३ भरते. पुढून मागे जाणारी खोली उंचीच्या आसपास असते. म्हणजे ज्या पेटीत श्रोणी मावेल ती आडवी रुंद पेटी होय. चौरस किंवा उभट पेटी घेतली की पोट आखूड आणि मांड्या आखूड, असा दुहेरी दोष उत्पन्न होतो.

डोक्याची उंची हे एकक धरल्यास श्रोणीच्या कडांची रुंदी सुमारे सव्वा डोके आणि नितंबास्थीची उंची एका डोक्याहून किंचित कमी येते. संपूर्ण उंचीत जघनसंधीचे स्थान जवळजवळ मध्यावर असते. लिओनार्दो दा विंचीने १४९० च्या सुमाराच्या आपल्या प्रसिद्ध ‘विट्रुव्हियन मॅन’ या रेखाचित्रासोबतच्या टिपणात पुरुषाच्या जननेंद्रियाचे मूळ शरीराच्या मध्यावर असल्याचे नोंदवले आहे. भारतीय मूर्तिशास्त्रातील तालमान पद्धतही वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचते. १०८ अंगुळांच्या नवताल प्रतिमेच्या प्रचलित मानात मुख, कंठापासून हृदय, हृदयापासून नाभी आणि नाभीपासून मेढ्रमूळ हे प्रत्येकी एक ताल, म्हणजे १२ अंगुळे असतात, तर मांडी व पोटरी प्रत्येकी दोन ताल. केस आणि मान यांची अंगुळे मिळवली, की मेढ्रमुळाशी निम्मी उंची पूर्ण होते. अर्थात तालमान हे प्रतिमेसाठीचे विधान आहे. प्रत्येक जिवंत देह त्यात बसेल असा त्याचा दावा नाही.

उभ्या शरीरातील कल

श्रोणीच्या रेखाटनातील सर्वांत सामान्य चूक रुंदीची नसून कलाची असते. वैद्यकीय प्रयोगशाळेतील श्रोणी टेबलावर ठेवली, की ती आसनास्थींवर व माकडहाडावर टेकते आणि तिचे तोंड जवळजवळ सरळ वर येते. ती तशीच उचलून उभ्या आकृतीत बसवली तर पाठीची नैसर्गिक वळणे नाहीशी होतात आणि नितंब खाली घसरल्यासारखे दिसतात. उभ्या माणसात श्रोणी पुढे कललेली असते. तिच्या वरच्या तोंडाची पातळी क्षितिजाशी सुमारे ५० ते ६० अंशांचा कोन करते. ओंजळीत धरलेली परडी पुढच्या बाजूला इतकी कलली असती, तर आतली फुले सांडली असती.

हा कल पडताळण्याची सोपी रीत शरीररचनाशास्त्राने दिली आहे. सरळ उभ्या माणसात दोन्ही अग्रकंटक आणि जघनसंधीचा वरचा काठ हे एकाच उभ्या पातळीत येतात, इतके की सांगाड्याची श्रोणी भिंतीला लावून धरली आणि हे तिन्ही बिंदू भिंतीला टेकवले, की कल आपोआप साधतो. या स्थितीत माकडहाडाचे टोक जघनसंधीच्या वरच्या काठाइतक्याच उंचीवर येते आणि खुब्याचा बाहेरचा उंचवटाही साधारण त्याच आडव्या रेषेच्या आसपास असतो. बाजूने पाहिलेल्या आकृतीत म्हणूनच एक उभी आणि एक आडवी रेषा आखून कल तपासता येतो. पश्चकंटक अग्रकंटकांपेक्षा किंचित वर असतात. काही व्यक्तींत हा कल अधिक, काहींत कमी असतो आणि थकून पोक काढून उभे राहिल्यास तो कमी होतो. तरीही आरंभ या स्थितीपासून करून मग व्यक्तीनुसार फरक करणे श्रेयस्कर ठरते.

त्वचेवरील खुणा

सडपातळ व्यक्तीत अग्रकंटक उंचवट्यासारखे दिसतात. अंगाने भरलेल्या व्यक्तीत त्याच जागी खळगा दिसतो, कारण भोवतालची चरबी वर येते आणि हाडावरची त्वचा तेवढी खोल राहते. उंचवटा शोधणाऱ्या विद्यार्थ्याला जाड मॉडेलवर खूण सापडत नाही, ती यामुळे. मागे पश्चकंटकांच्या जागी बहुतेकांना दोन खळ्या दिसतात. या दोन खळ्या आणि नितंबांमधील भेगेचा वरचा आरंभ यांना जोडल्यास त्रिकास्थीचा त्रिकोण मिळतो. वर शेवटच्या मणक्याजवळचा बिंदू धरला, तर समभुज चौकोनासारखी आकृती बनते. जर्मन प्रसूतितज्ज्ञ गुस्टाव्ह आडोल्फ मिखाएलिस (१७९८–१८४८) यांच्या नावाने ती ओळखली जाते. पाठमोऱ्या आकृतीत श्रोणी कोणत्या दिशेला वळली व झुकली आहे, हे ही आकृती जितके स्पष्ट सांगते तितके नितंबांची बाह्यरेषा सांगत नाही.

श्रोणिफलकाची कड कमावलेल्या शरीरात रेघेसारखी उमटते. तिच्यावर पोटाच्या कडेचा स्नायू ओघळून फुगतो, त्यामुळे दिसणारी रेघ पुढच्या भागात हाडाच्या खऱ्या कडेपेक्षा थोडी खाली पडते. ग्रीक शिल्पकारांनी ही रेघ आणि तिला पुढे जोडणारी जांघेची वळी ठळक करून श्रोणीचे वलय जणू बाहेरून कोरून दाखवले. तो सौंदर्यसंकेत आहे. सर्वसाधारण देहात ती रेघ एवढी खोल नसते.

खुब्याचा बाहेरचा उंचवटा श्रोणीचा भाग नाही, तो मांडीच्या हाडाचा आहे. मांडीचे हाड उखळीतून सरळ खाली उतरत नाही. त्याची मान आधी बाहेर आणि खाली जाते आणि दांड्याशी सुमारे १२५ ते १३० अंशांचा कोन करते. या मानेचा विसर पडला की पाय श्रोणीच्या खाली खुंटीसारखे ठोकल्यागत दिसतात.

पेटीची पद्धत

गुंतागुंतीचा आकार साध्या घनाकारात बसवून मग कोरत जाणे, ही विसाव्या शतकातील चित्रकला-शिक्षणात रूढ झालेली पद्धत. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये अनेक वर्षे शिकवणाऱ्या जॉर्ज ब्रिजमन यांनी डोके, छाती आणि श्रोणी यांना तीन ठोकळे मानून त्यांच्या परस्पर कलांतून आकृती उभी करण्यावर भर दिला. त्यांचे ‘कन्स्ट्रक्टिव्ह अ‍ॅनाटॉमी’ १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. ड्रेस्डेनच्या कला महाविद्यालयातील गॉटफ्रीड बामेस यांनी ‘डी गेश्टाल्ट डेस मेन्शेन’ (१९६४) या ग्रंथात हाडांच्या रचनेपासून सरलीकृत आकारापर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला.

प्रत्यक्ष रेखाटनात प्रथम दोन अग्रकंटक जोडणारी रेषा काढतात, कारण समोरून तीच सर्वांत भरवशाची असते. तिच्या मध्यातून काटकोनात खाली जाणारी रेषा जघनसंधीपर्यंत नेली, की श्रोणीची पुढची बाजू मिळते. या दोन रेषांतील काटकोन श्रोणी कितीही झुकली तरी मोडत नाही. शरीर तिरके दिसते तेव्हा तो यथादर्शनाने बदललेला दिसतो, एवढेच. मग कडांची अधिक रुंदी अग्रकंटकांच्या मागे घेतात आणि पेटीला खोली देतात. शेवटी पेटीचा खालचा भाग दोन्ही बाजूंनी छाटून ती पाचरीसारखी निमुळती करतात आणि छाटलेल्या जागी उखळी दाखवतात. मांडीचा गोल तेथे बसतो. काही शिक्षक पेटीऐवजी तिरकी बादली किंवा परडी सुचवतात. परडीत वलयाचा गोलावा चांगला येतो, पण दोन्ही बाजूंची उंची तुलून पाहण्यासाठी कोपरे नसल्याने कल मोजणे अवघड जाते. नवशिक्यासाठी पेटी अधिक सोयीची आहे.

भार, चाल आणि बैठक

एका पायावर भार देऊन उभे राहिल्यास त्या बाजूचा खुबा वर उचलला जातो आणि सैल पायाची बाजू खाली येते. छाती बहुधा उलट्या दिशेला झुकते. इ.स.पू. ४८० च्या सुमाराचा, अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयातील ‘क्रिटिओस बॉय’ हा पुतळा या स्थितीच्या प्रारंभीच्या उदाहरणांपैकी एक मानला जातो. भारतीय कलेतील त्रिभंग हा याच्याशी नाते सांगणारा, पण अधिक लयबद्ध केलेला संकेत आहे. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणी बोधिसत्त्व हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. दोन्हींत श्रोणी अखंड तुकडा म्हणून झुकते. समोरचे कंटक झुकवून मागच्या खळ्या आडव्या ठेवणे, किंवा कड झुकवून जघनसंधी जागची न हलवणे, हे हाडांना अशक्य आहे.

चालताना झुलणाऱ्या पायाच्या बाजूला श्रोणी सुमारे पाच अंश खाली येते आणि आडव्या पातळीत प्रत्येक बाजूला चारेक अंश वळते. आकडे छोटे आहेत, पण ते वगळल्यास चालणारी आकृती कवायतीतल्यासारखी ताठ होते.

बैठकीत भार आसनास्थींवर जातो. खुर्चीत रेलल्यावर किंवा जमिनीवर मांडी घालून सैल बसल्यावर श्रोणी मागे कलते आणि कंबरेचे वळण सपाट होते. अशा आकृतीत खुब्याची जागा ठरवण्यासाठी फ्रेंच शल्यविशारद ओग्युस्त नेलातों (१८०७–१८७३) यांची रेषा उपयोगी पडते. अग्रकंटकापासून आसनास्थीच्या गाठीपर्यंत रेषा काढली असता, मांडी दुमडलेल्या स्थितीत खुब्याच्या उंचवट्याचे टोक त्या रेषेवर येते. ही रेषा खुबा निखळला आहे का, हे तपासण्यासाठी योजलेली होती.

स्त्री आणि पुरुष यांतील भेद

पुरुषाची श्रोणी सरासरीने अधिक जड, उंच आणि निमुळती, तर स्त्रीची उथळ व आतून प्रशस्त असते. जघनसंधीखालील कमानीचा कोन स्त्रियांत ८० ते ९० अंश किंवा त्याहून मोठा, तर पुरुषांत ५० ते ६० अंशांच्या आसपास आढळतो. अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर होणारा कोन पहिल्यासारखा, तर्जनी व मधले बोट फाकवल्यावर होणारा दुसऱ्यासारखा. मात्र ‘स्त्रीची श्रोणी रुंद’ हे चित्रकला वर्गातील सुटसुटीत विधान दिशाभूल करते. श्रोणिफलकांच्या कडांमधील अंतर दोघांतही सरासरीने जवळपास सारखेच, २८ सेंमीच्या आसपास असते. स्त्रियांची उंची व खांद्यांची रुंदी कमी असल्याने तेच अंतर तुलनेने मोठे दिसते. बाह्यरेषेतील उरलेला फरक मुख्यतः खुब्याखालच्या चरबीचा असतो. म्हणून स्त्री-आकृतीत हाडांची पेटी ताणून रुंद करण्यापेक्षा खांदे आणि श्रोणी यांचे प्रमाण बदलणे अचूक ठरते. शिवाय दोन्ही लिंगांतील मापे एकमेकांत बरीच मिसळतात आणि समोरची व्यक्ती सरासरीला बांधील नसते.

चुकीच्या प्रमाणाचा इतिहास

हे प्रमाण चुकण्याचे परिणाम चित्रकलेपुरते राहिलेले नाहीत. लायडेन येथील शरीररचनाशास्त्रज्ञ बर्नहार्ड झिगफ्रीड आल्बिनुस यांनी १७४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सांगाडा व स्नायूंच्या चित्रसंग्रहासाठी चित्रकार यान वांडेलार यांनी सांगाड्यासमोर दोऱ्यांच्या चौकटींची जाळी टांगून, चौकोनामागून चौकोन कागदावर उतरवला. (याच संग्रहाच्या दोन चित्रांत सांगाड्यामागे क्लारा नावाची गेंड्याची मादी उभी आहे.) तरीही आल्बिनुस यांना हवा होता तो परिपूर्ण मनुष्य, निवडलेल्या पुरुष-सांगाड्यातील उणिवा त्यांनी चित्रात सुधारून घेतल्या.

यानंतर स्त्रीचा स्वतंत्र सांगाडा काढण्याची चढाओढ लागली. १७५९ मध्ये झां-झोसेफ स्यू यांच्या नावाखाली पॅरिसमध्ये निघालेल्या ग्रंथातील सांगाडा प्रत्यक्षात मारी तिरू दार्कोंव्हिल या विदुषीच्या देखरेखीखाली काढला गेला होता. त्यात कवटी लहान, बरगड्या अरुंद आणि श्रोणी अतिशय रुंद होती. १७९६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ झ्योमरिंग यांनी तुलनेने संयमित प्रमाणाचा स्त्री-सांगाडा प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या बरगड्या मोठ्या आणि श्रोणी पुरेशी रुंद नसल्याची टीका झाली. एडिनबराचे जॉन बार्कले यांनी १८२९ च्या आपल्या ग्रंथात दार्कोंव्हिल यांचाच सांगाडा पसंत केला आणि त्याच्याशेजारी तुलनेसाठी रुंद श्रोणीचा व छोट्या डोक्याचा शहामृग उभा केला. पुरुष-सांगाड्याशेजारी घोडा होता. इतिहासकार लोंडा शीबिंगर यांनी १९८६ मधील आपल्या अभ्यासात दाखवले की, स्त्रीचे कार्यक्षेत्र मातृत्वापुरते मर्यादित ठरवणाऱ्या तत्कालीन युक्तिवादांना या चित्रांनी शास्त्रीय आधार पुरवला. लहान कवटी आणि रुंद श्रोणी या दोन रेषा पुरेशा झाल्या.

मुलांची श्रोणी

नवजात बालकात डोके एकूण उंचीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके असते आणि श्रोणी फारच लहान असते, इतकी की मूत्राशय बराचसा पोटात असतो. शरीराचा मध्य जन्माच्या वेळी नाभीच्या जवळपास येतो आणि वाढीबरोबर पाय लांबत जातात तसा जघनसंधीकडे सरकतो. कोवळ्या वयात मुलगा आणि मुलगी यांच्या श्रोणीत चित्रात दाखवण्याजोगा फरक नसतो. तो पौगंडावस्थेत स्पष्ट होतो. बालाकृतीत प्रौढांची पेटी केवळ लहान करून वापरली, तर ठेंगणा प्रौढ तयार होतो. मध्यबिंदू नाभीपाशी धरून श्रोणी छातीपेक्षा अरुंद ठेवल्यास तान्ह्या मुलाची आकृती साधते.